गुणाढ्याचे श्रोते

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याची नात सुटीला गावी आली होती. वय वर्षे नऊ. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते आणि रात्री घरात झोपायची. त्यामुळे जेवणे उरकली की आम्ही वर अंथरुणे टाकतो. पूर्वी इथे मातीचे माळवद होते, आता स्लॅब आहे. नातीने येताना जादूगारांच्या शाळेवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले होते आणि चार दिवसांत त्याचा फडशा पाडला होता. पाचव्या रात्री तिने विचारले, की असल्या गोष्टी लिहिणारे सगळे तिकडचेच असतात का? आपल्याकडे कोणी झाला नाही का?

मी म्हणालो, झाला की. आणि फार लांबचाही नाही. आपल्या गावावरून जी गंगा जाते, तिच्याच काठचा, फक्त थोडा वरच्या अंगाचा. पैठणचा.

आम्ही परभणीकडची माणसे गोदावरीला गंगाच म्हणतो. पैठणहून निघालेली ही गंगा पाथरी, सोनपेठ, गंगाखेड करीत पुढे नांदेडकडे जाते. जायकवाडीचे धरण झाल्यापासून पैठणचे पाणी डाव्या कालव्यानेही आमच्या जिल्ह्यात येते. या पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. सातवाहन राजांची ती राजधानी. या राजांपैकी एकाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने जगातल्या अद्भुत कथांचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला, असे परंपरा सांगते. ग्रंथाचे नाव बृहत्कथा. विक्रम आणि वेताळ, पंचतंत्रातले प्राणी, आकाशातून उडणारे विद्याधर, मंतरलेली यंत्रे, बोलणारे पोपट, ही सगळी मंडळी आपल्यापर्यंत पोचली ती ज्या कथासागरातून, त्याचा उगम या माणसापाशी सांगितला जातो.

मी स्वतः गुणाढ्याचे चरित्र पहिल्यांदा ऐकले ते १९६३ साली, तेराव्या वर्षी. गंगाखेडला शाळेत होतो. संस्कृतचे गुरुजी संधीचे नियम शिकवता शिकवता मध्येच थांबले आणि त्यांनी हे चरित्र सांगितले. त्यानंतर ते मी चार वेगवेगळ्या वयांत वाचले आणि दर वेळी मला ते निराळेच वाटले. आज वाचकांना तेच सांगायचे आहे. चरित्र म्हणालो खरे, पण त्यात जन्मसाल नाही, मृत्यूची तिथी नाही. जे आहे ते सारे सोमदेवाच्या कथासरित्सागराच्या पहिल्या भागात, कथापीठात आहे. गुणाढ्य नेमका केव्हा झाला यावर विद्वानांचे एकमत नाही. नेपाळात सापडलेल्या एका परंपरेने तर त्याचा जन्म मथुरेला घातला आहे. पण सातव्या शतकातल्या बाणभट्टाला बृहत्कथा ठाऊक होती, दंडीला ठाऊक होती आणि नवव्या शतकातल्या कंबोडियाच्या एका शिलालेखातही गुणाढ्याचे नाव कोरलेले आहे. म्हणजे त्याची कीर्ती समुद्र ओलांडून गेली होती एवढे नक्की.

चरित्राची सुरुवात पृथ्वीवर होतच नाही, ती कैलासावर होते. पार्वतीने शंकराकडे हट्ट धरला, की आजवर कोणी ऐकली नसेल अशी गोष्ट मला सांगा. शंकराने दार लावून घेतले आणि विद्याधरांच्या सात चक्रवर्तींची गोष्ट सांगितली. पुष्पदंत नावाच्या गणाने ती चोरून ऐकली. त्याला ती पोटात ठेवता येईना, त्याने बायकोला सांगितली. बायकोने ती पार्वतीलाच ऐकवली. कोणीही न ऐकलेली गोष्ट दारावरच्या बाईलाही पाठ, हे पाहून पार्वती संतापली आणि तिने पुष्पदंताला माणूस होण्याचा शाप दिला. त्याच्यासाठी रदबदली करायला गेलेला माल्यवान नावाचा दुसरा गणही त्याच शापात सापडला. हा माल्यवान म्हणजे पुढचा गुणाढ्य. त्याला उःशाप असा मिळाला, की विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाचा पिशाच भेटेल, त्याच्याकडून ती गोष्ट ऐकायची आणि ती जगात पसरवायची. त्यानंतरच सुटका. गोष्ट सांगणे ही गुणाढ्याची हौस नव्हती, त्याची ती शिक्षा होती आणि सुटकेची वाटही तीच होती.

माल्यवान जन्माला आला तो प्रतिष्ठान प्रदेशातल्या सुप्रतिष्ठित नगरात. आई श्रुतार्था ही ब्राह्मणकन्या, बाप नागराज वासुकीचा पुतण्या. आई आणि मामा दोघेही लवकर गेले. पोरका मुलगा दक्षिणेकडे निघून गेला, तिथे सगळ्या विद्या शिकला आणि नाव कमावून परत आला. राजा सातवाहनाने त्याला मंत्री केले. घरी शिष्यांचा राबता, दरबारात मान, असे त्याचे दिवस चालले होते.

इथे राजाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढे त्यांचा उपयोग आहे. हा राजाही अद्भुतातूनच आलेला. त्याचा पालनकर्ता पिता दीपकर्णी याला मूल नव्हते. स्वप्नात शंकराने सांगितल्याप्रमाणे रानात त्याला सिंहाच्या पाठीवर बसलेला एक लहान मुलगा दिसला. त्याने बाण मारला तेव्हा त्या सिंहाचा यक्ष झाला. यक्षाचे नाव सात आणि हा सात ज्याचे वाहन होता तो मुलगा सातवाहन. सिंहावर बसून जगात आलेला हा मुलगा पुढे फार मोठा राजा झाला आणि मोठेपणी आपण कशावर बसून आलो ते विसरला. इतिहासातले सातवाहन आपले लेख प्राकृतात कोरवीत, नाणेघाटात आणि नाशिकच्या लेण्यांत ते आजही पाहता येतात. कथेतला सातवाहन मात्र संस्कृत येत नाही म्हणून लाजतो. ही लाज खऱ्या राजांची की नंतरच्या कथा रचणाऱ्यांची, कोण जाणे.

ती लाज वाट्याला आली एका वसंतात. राजा राण्यांसह तळ्यात जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेल्या एका राणीने त्याला विनवले, की आता पाण्याने मारू नका. बोलली ती संस्कृतात. मा म्हणजे नको आणि उदकैः म्हणजे पाण्याने. दोन शब्दांचा संधी झाला की होते मोदकैः. राजाला वाटले, राणीला मोदक हवे आहेत. त्याने तत्परतेने मोदकांची ताटे मागवली. राणी हसली आणि साधा संधीही येत नाही म्हणून तिने भर तळ्यात राजाची हजेरी घेतली. आमच्या वर्गात गुरुजींनी एवढे सांगितले आणि चाळीस मुले बाके बडवून हसली. त्या दिवसापासून मी संधी कधी विसरलो नाही.

राजाने अंथरूण धरले. जेवण नाही, बोलणे नाही. मंत्री विचारायला गेले तेव्हा त्याने एकच विचारले, की मन लावून शिकलो तर पांडित्य यायला किती दिवस लागतील? गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शेजारी शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री होता. तो म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य चिडला. हे तू करून दाखवलेस तर संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली या तिन्ही भाषा मी कायमच्या सोडीन, अशी प्रतिज्ञा त्याने केली. शर्ववर्म्यानेही उलट पैज लावली, की जमले नाही तर बारा वर्षे तुझे जोडे डोक्यावर वाहीन. मग तो कार्तिकेयाला शरण गेला आणि त्याच्या कृपेने त्याला एक छोटे, सुटसुटीत व्याकरण मिळाले. ते कातंत्र व्याकरण आजही उपलब्ध आहे आणि पुष्कळ शतके विद्यार्थी ते शिकत होते. राजा सहा महिन्यांत शिकला. गुणाढ्य पैज हरला.

अठराव्या वर्षी, कॉलेजात असताना, मी हे चरित्र दुसऱ्यांदा वाचले तेव्हा मी पूर्णपणे शर्ववर्म्याच्या बाजूचा होतो. सहा वर्षांचे काम सहा महिन्यांत होते तर जुन्या पंडिताची गरजच काय, असे मला वाटे. पिशाच, यक्ष, शाप या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. चार मित्रांत बसून असल्या भाकडकथांची टिंगल करण्यात मोठेपणा वाटत होता. ते वय तसे असते. मूल अद्भुतावर विश्वास ठेवते, म्हातारा त्याच्याकडे परत येतो. मधल्या माणसाला मात्र आपण मोठे झालो हे सिद्ध करायचे असते आणि त्यासाठी पहिली लाथ तो परीकथेलाच मारतो.

पुढे गुणाढ्याचे काय झाले? त्याच्यापाशी एकही भाषा उरली नाही. ज्याचा सारा जन्म शब्दांवर चालला, तो मुका झाला. गुणदेव आणि नंदिदेव या दोन शिष्यांना बरोबर घेऊन तो विंध्याकडे निघाला. रानात त्याने पिशाचांना आपापसांत बोलताना ऐकले आणि ऐकत ऐकत त्यांची भाषा उचलली. ती पैशाची. त्याने सोडलेल्या तीन भाषांत ती बसत नव्हती, म्हणून प्रतिज्ञा मोडत नव्हती. व्याकरणकार पैशाची ही एक प्राकृतच मानतात. हेमचंद्राने बाराव्या शतकात तिचे नियम दिले आहेत. ती कोणत्या प्रदेशातली यावर मात्र वाद आहे. एवढे दिसते, की दरबारात जिला कोणी उभे केले नसते अशी ती बोली होती.

हा भाग वाचताना मला नेहमी माझे वडील आठवतात. ते निजामाच्या राज्यात शिकले. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, अर्ज उर्दूत. मराठी घरातली आणि शेतातली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वडिलांनी हे सगळे पाहिले, पण सरकारी माणसाशी बोलताना त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत उर्दूच येई. मराठीत ते आम्हांला गोष्टी सांगत. कचेरीची भाषा आणि गोष्टीची भाषा वेगळी असते, हे मला तेव्हाच कळले होते. गुणाढ्याची कचेरीची भाषा पैजेत गेली. गोष्टीची भाषा त्याला रानात सापडली.

काणभूतीने त्याला शंकराची ती गोष्ट ऐकवली. गुणाढ्याने ती सात वर्षे बसून लिहून काढली. सात लाख श्लोक झाले. रानात शाई नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिले. तेराव्या वर्षी माझ्या अंगावर काटा आला होता तो या ठिकाणी. त्या रात्री मी सुई घेऊन बोटाला टोचली होती आणि एका अक्षराला किती रक्त लागते ते पाहिले होते. आपल्या नावाची दोन अक्षरे होईपर्यंत बोट दुखून आले. सात लाख श्लोकांचा हिशेब मी करू शकलो नाही. मोठेपणी अशी शंका येते, की एवढे रक्त माणसात असते का? मुलाला ती येत नाही. किती दुखले असेल, एवढेच त्याच्या मनात येते. या बाबतीत मुलाचे वाचन मोठ्यापेक्षा खरे आहे असे मला वाटते.

ग्रंथ पुरा झाला. आता तो पृथ्वीवर पसरवायचा तर रसिक आणि समर्थ असा वाचक हवा. शिष्यांनी सातवाहनाचे नाव सुचवले. गुणाढ्य नगराबाहेरच्या बागेत थांबला आणि शिष्य पोथी घेऊन दरबारात गेले. राजाला आता संस्कृत येत होते. नव्याने शिकलेल्या माणसाला जो ताठा असतो तो त्यालाही होता. पिशाचांची भाषा, रक्ताने लिहिलेली अक्षरे आणि पिशाचासारखेच दिसणारे हे शिष्य! त्याने पोथी परत पाठवली. एक पानही वाचले नाही.

गुणाढ्य काही बोलला नाही. तो जवळच्या टेकडीवर गेला, त्याने अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान मोठ्याने वाचायचे व आगीत टाकायचे असा क्रम सुरू केला. शिष्य रडत बघत राहिले. त्यांना नरवाहनदत्ताची कथा फार आवडे, म्हणून तेवढा एक लाख श्लोकांचा भाग त्याने बाजूला ठेवला. बाकीचे सहा लाख तो वाचीत गेला, जाळीत गेला. आणि रानातली हरणे, डुकरे, रेडे असे सगळे प्राणी चरणे सोडून तिथे जमले, त्याच्याभोवती वर्तुळ करून उभे राहिले आणि डोळ्यांतून पाणी गाळीत ऐकत राहिले.

तिकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सत्त्वहीन मांस खाऊन हे दुखणे झाले. आचाऱ्यांनी पारध्यांवर ढकलले. पारध्यांनी सांगितले, की रानात एक ब्राह्मण पाने वाचतो आणि जाळतो, सगळे प्राणी चारा सोडून ते ऐकत उभे आहेत, त्यामुळे त्यांच्या अंगावर मांसच उरलेले नाही. राजा धावत गेला. जटा वाढलेल्या त्या माणसात त्याने आपला जुना मंत्री ओळखला आणि पाय धरले. तोपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेले एक लाख गुणाढ्याने राजाच्या हाती दिले आणि देह ठेवला. शाप संपला होता. राजाने त्या शिष्यांकडून ती भाषा समजावून घेतली, त्यांचा सन्मान केला आणि हा ग्रंथ पैशाचीत कसा आला हे सांगणारी प्रस्तावना स्वतः रचली, अशी कथा आहे.

ते एक लाख श्लोकही आज नाहीत. मूळ पैशाची बृहत्कथा नष्ट झाली. राहिली ती तिची रूपांतरे. बुधस्वामीचे एक, जैन परंपरेतली वसुदेवहिंडी, अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्राने केलेला संक्षेप आणि त्याच शतकातले सोमदेवाचे कथासरित्सागर. यातले सोमदेवाचे सर्वांत लाडके. अठरा लंबक, एकशे चोवीस तरंग आणि वीस हजारांवर श्लोक. इंग्रजीत टॉनी यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत त्याचे भाषांतर केले, ते पुढे पेंझर यांनी १९२४ ते १९२८ या काळात टिपांसह दहा खंडांत काढले आणि जगभरच्या लोककथांच्या अभ्यासकांनी ते उचलून धरले.

हे पुस्तक सोमदेवाने कोणासाठी लिहिले? मुलांसाठी नाही. काश्मीरची राणी सूर्यमती हिचे मन रमावे म्हणून लिहिले. तिचा नवरा अनंत याने मुलाला, कलशाला, गादी दिली होती आणि मग बापलेकांत वैर पेटले होते. पुढे अनंताने जीव दिला आणि राणी सती गेली. राज्य आणि घर दोन्ही डोळ्यांदेखत विस्कटत असलेल्या एका प्रौढ बाईला सोमदेवाने उडत्या रथांच्या, राक्षसांच्या आणि वेताळाच्या गोष्टी सांगितल्या. परीकथा म्हणजे लहान मुलांचे खाद्य, असे समजणाऱ्या प्रत्येकाने ही राणी एकदा आठवून पाहावी.

या गोष्टी मुलांच्या हाती आल्या त्या पुष्कळ नंतर, आणि माझ्या पिढीला भेटल्या त्या चांदोबात. १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले ते मासिक पुढे अनेक भाषांत निघू लागले. मराठी अंक गंगाखेडच्या वाचनालयात येई आणि पंधरा दिवसांत हात लागून लागून त्याचे कान फाटत. खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम, हातात तलवार, मागे स्मशान. हे शंकर नावाच्या चित्रकाराचे चित्र आमच्या पिढीतला माणूस झोपेतही ओळखील. सोमदेवाकडे वेताळाच्या पंचवीस गोष्टी होत्या. त्या संपल्यावर चांदोबाने नव्या रचल्या आणि कित्येक वर्षे वेताळाला बोलते ठेवले. आम्हांला पंचवीस कुठे संपल्या आणि नवे कुठे सुरू झाले याचा पत्ताही लागला नाही. वेताळाचा शेवटचा प्रश्न आला, की आम्ही अंक मिटून आधी आपले उत्तर ठरवत असू. दहा वर्षांच्या मुलाला राजनीतीचा पेच घालून त्याचे मत विचारणारे दुसरे कोणी त्या काळात आमच्या ओळखीचे नव्हते.

आता तिसऱ्या वाचनाविषयी. खरे तर ते वाचन नव्हेच आणि ते सांगायला जीभ अडखळते. १९९४ साल. माझा मुलगा दहावीत होता. मी स्वतः गणिताचा मास्तर. मुलाने पाच-सहा वर्षांचे चांदोबा जपून ठेवले होते, वर्षवार सुतळीने बांधून. काही त्याने जुन्या बाजारातून घेतलेले, माझ्या लहानपणचेही. सहामाहीत गणितात त्याला मार्क कमी पडले. त्या रविवारी रद्दीवाला दारावरून जात होता. मी सगळे गठ्ठे उचलून त्याच्या तराजूत टाकले. तो अभ्यासाचे वर्ष आहे म्हणाला नाही, मी म्हणालो. मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही. त्याला पुढे गणितात उत्तम मार्क पडले, तो इंजिनिअर झाला. ती वस्तुस्थिती मी पुष्कळ वर्षे माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरली.

निवृत्तीनंतर, २००८ साली, कथासरित्सागराचा मराठी अनुवाद घेऊन बसलो. राजा पोथी परत पाठवतो त्या पानाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. एक पानही न वाचता ज्याने पोथी फिरवली तो राजा मी ओळखीत होतो. मीही तसाच सिंहावर बसून आलो होतो. मलाही आजीने माळवदावर झोपवून राक्षसाचा जीव पोपटात असतो हे सांगितले होते. आणि व्याकरण शिकल्यावर मीही विसरलो होतो.

तर या मे महिन्यात मी हे सारे चरित्र नातीला सांगितले. चांदोबाचे प्रकरण वगळून. मुलगाही शनिवार-रविवारसाठी आला होता, तो बाजूच्या अंथरुणावर पडून ऐकत होता. एकच गोष्ट, तीन वयांचे तिघे. मुलाने एकच विचारले, की गुणाढ्याने राजाकडे पुन्हा एकदा स्वतः का जाऊन पाहिले नाही? पन्नाशीकडे झुकलेल्या, रोज वरिष्ठांपुढे कामे मांडणाऱ्या माणसाचा प्रश्न. मी म्हणालो, मला दुःख होते ते सहा लाख श्लोकांचे. कायमचे गेले ते. सातातले सहा भाग कोणालाच मिळाले नाहीत.

नात उठून बसली. तिला माझे म्हणणे मुळीच पटले नव्हते. कोणालाच कसे, तिने विचारले. हरणांनी ऐकले ना? तो वाचून मगच जाळत होता असे तुम्हीच सांगितले, आबा. म्हणजे राजाला एकच भाग मिळाला आणि सहा भाग प्राण्यांना. जास्त त्यांनाच मिळाले. मग हरणांना पैशाची कळत होती का, यावर तिने स्वतःच विचार केला आणि स्वतःच निकाल दिला, की कळत असणार, नाहीतर ती रडली कशाला असती?

साठ वर्षे मी ही गोष्ट बाळगून आहे. पाने मोजली, श्लोक मोजले, काय जळाले त्याचा हिशेब केला. कोणी ऐकले ते मोजायचे मला सुचले नाही. गुणाढ्याचा उःशाप लिहिण्याने पुरा होत नव्हता, गोष्ट पोचण्याने होत होता. राजाने नाकारल्यावर त्याने पाने तशीच आगीत लोटली असती तरी कोणी अडवले नसते. त्याने आधी वाचले. समोर जो कोणी आला त्याच्यासाठी वाचले. नऊ वर्षांच्या मुलीला हे पहिल्या ऐकण्यातच दिसले, कारण ती राजाच्या बाजूने नव्हतीच. ती हरणांत उभी होती.

मग मी चांदोबाचीही गोष्ट सांगितली. अंधारात सांगायला सोपे जाते. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला माहीत आहे की. पण सगळे गेले नव्हते. त्या रविवारी आई पाणी द्यायला बाहेर आली तेव्हा तिने खालचा एक गठ्ठा पदराआड घेतला होता. तो माळ्यावरच्या पितळी घंगाळात आहे. तुम्हांला कोणी सांगितले नाही इतकेच.

सकाळी शिडी लावून तो माळ्यावर चढला. गठ्ठ्यात अकरा अंक निघाले, कडा वाळवीने खाल्लेल्या, मधली पाने शाबूत. सौभाग्यवतीला विचारले तर ती म्हणाली, पोराचे तोंड बघवेना. तिने त्यातला एकही अंक कधी वाचलेला नाही. नात दुपारभर पोथीसारखी मांडी घालून ते वाचत बसली होती. मराठी वाचताना ती अडखळते, जोडाक्षरापाशी थांबते. मी मदतीला गेलो तर हाताने थांबवले. तिला वेताळाचा प्रश्न आला होता आणि तिचे उत्तर अजून ठरायचे होते.